मोटारीचा पाळीचा ताप: चांदा ते अहेरी

अहेरीहून सागवान घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने निरोप आणला आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. सासूबाईंची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मावशी, गुरुवारी दुपारच्या डोंग्याने प्राणहिता नदी ओलांडून पल्याड मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. त्यांची नजर झपाट्याने जात होती. "धाकटीले सांग, मले दिसून राह्यलं तोवर येऊन जाय," एवढाच निरोप. माझ्या लग्नाच्या आधीपासून या दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या.

मी म्हटलं, बसने जाऊ. "घरी मोटार उभी असताना बस?" असं म्हणून आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी जणू घर विकायला काढलं अशा नजरेने. मोटार उभी होती हे खरंच होतं. ती बहुतेक वेळ उभीच असे.

ही मोटार लढाईच्या आधीची, रिटायर होऊन निघून गेलेल्या एका साहेबाकडून घेतलेली. डावीकडे वळलं की उजवं दार उघडायचं, म्हणून ते नवारीने बांधलेलं. हॉर्न बटण दाबून वाजत नसे, ब्रेक दाबला की वाजे. ही उलट सोयच आहे, असं ह्यांचं मत. खरं दुखणं वेगळंच होतं. चांगली चालता चालता, ना खोकला ना धाप, मोटार एकदम गप्प व्हायची आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायची. दसऱ्याला सासूबाईंनी तिची साग्रसंगीत पूजा केली होती. शेजारच्या अमीनाबींनी दर्ग्यातून आणून दिलेला तांब्याचा तावीज काळ्या दोऱ्याने बॉनेटच्या दोन पानांपैकी डाव्या पानाला आतून बांधला होता. बाहेर बांधला असता तर कोणी पळवला असता. एवढा बंदोबस्त करूनही दिवाळीच्या आसपास हे दुखणं लागलं, तेव्हा नजर भारीच लागली असणार यावर दोघी शेजारणींचं एकमत झालं.

आमचे हे कचेरीत कारकून आणि घरी होमिओपाथ. गल्लीतल्या पोरांना साबुदाण्याएवढ्या गोळ्या देऊन त्यांचा हात बसलेला. त्यांनी मोटारीलाही तसंच तपासलं. "हा पाळीचा ताप आहे," ते म्हणाले. "चढतो, उतरतो. लक्षणं नीट पाहिली की औषध सापडतंच."

बुधवारी सकाळी आम्ही तिघं चांद्याहून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, पेट्रोल बल्लारपूरलाच भरून घ्या आणि एक डबा जास्तीचा ठेवा, पुढे भरवसा नाही. रस्ता मुरुमाचा, थंडीच्या दिवसांत बरा असतो, पण खाचखळगे इतके की पोटातलं पाणी हलतं. दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं होती आणि हवा अशी गोड होती की मी भांडण विसरले.

कोठारीच्या अलीकडे एका खड्ड्यात चाक आपटलं आणि मोटार गप्प झाली. हे उतरले, बॉनेटचं डावं पान उचललं, आत वाकून बघत राहिले. मग पेट्रोलची नळी काढून फुंकली, तोंड पुसलं, पान खाली केलं आणि हँडल मारलं. मोटार चालू!

"नळीत कचरा," हे विजयी मुद्रेने म्हणाले.

गोंडपिपरीच्या अलीकडे पुन्हा तेच. या वेळी ह्यांनी प्लग काढून पुसले. चालू! "कचरा होताच, पण मूळ रोग प्लगात." आणखी थोडं पुढे गेलो आणि तिसऱ्यांदा बंद. मी विचारलं, "मूळ रोग आता कुठे सरकला?" ह्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं.

धानाचे भारे घेऊन जाणारा एक शेतकरी बैलबंडी थांबवून आमच्याकडे पाहत बसला. "काऊन भाऊ, अडेल हाये का?"

"अधूनमधून थांबते," हे म्हणाले.

"मंग शेपटी मुरगाळा न जी."

ह्यांनी पुढे जाऊन हँडल फिरवलं. शेतकऱ्याला फार नवल वाटलं. "अगा बाबौ! हिची शेपटी तोंडाकडं हाये!"

तेवढ्यात मागून अहेरीची बस आली. धूळ उडवत आमच्या बाजूने गेली आणि आतल्या एका बाईने सासूबाईंना हातही हलवला. सासूबाई बस दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या. मग लेकाला म्हणाल्या, "ते बस उद्या अहेरीहून परत येऊन जाईन, अन् आपण इथीच राहू." बोलणं नेहमीसारखं तिखट होतं, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

गोंडपिपरीला जेवलो. हॉटेल कसलं, कुडाचं छप्पर, पण लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आणि वांग्याची रस्सेदार भाजी अशी की मी परत मागून घेतली. चुकवू नका. आष्टीला वैनगंगा लागते. तिथे दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या टाकतात आणि त्यावर मोटार चढवतात. पैसे आधी ठरवा, मधल्या धारेत ठरवायची वेळ आणू नका. फळीवर चढताना ह्यांनी ब्रेक दाबला, हॉर्न वाजला, आणि वल्हेवाला दचकून पाण्यात पडता पडता वाचला. नदी तेवढी आमची मोटार एकदाही बंद न पडता ओलांडून गेली. पल्याड एका मास्तरांच्या घरी मुक्काम मिळाला.

गुरुवारी उजाडताच निघालो. आष्टी ते आलापल्ली रस्ता जंगलातला. सागाची पानं वाळून रस्ताभर पडलेली, चाकाखाली कुरकुर वाजत होती. किती सुंदर म्हणून सांगू! पण पाहायला सवड कुठे? खड्डा आला की मोटार बंद. उतरा, बॉनेट उघडा, काहीतरी पुसा, झाका, हँडल मारा. चालू! पुढच्या खड्ड्याला बंद. प्रत्येक वेळी ह्यांनी वेगळ्या भागावर उपचार केला आणि प्रत्येक वेळी मोटार बरी झाली. एवढी रोगमुक्ती मी कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही. सूर्य वर चढत होता आणि ह्यांचा चेहरा उतरत होता.

शेवटी सासूबाईंचा संयम सुटला. "दर टायमाले उघडून राह्यला, झाकून राह्यला. ते झाकणच काढून ठेव न! तेवढाच टाइम वाचंन."

हे वादाच्या मनःस्थितीत नव्हते. बिजागरीची सळई ओढून डावं पान सुटं केलं. ठेवायला जागा नव्हती, म्हणून सासूबाईंनी ते मांडीवर घेतलं. आतली बाजू वर, आणि तावीज त्यांच्या हाताशी. हातात माळ असावी तसा त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले.

आणि मोटार धावली. खड्डे आले, नाले आले, आलापल्लीचा लाकूड डेपो मागे पडला, पण मोटार म्हणून थांबेना. "बॅटरीची तार घट्ट केली, तेच खरं औषध," हे पुढून ओरडले. "तावीज माह्या हाती हाये म्हणून!" सासूबाई मागून ओरडल्या. मी दोघांच्या मधे, तोंडावर धूळ घेत बसले.

प्राणहितेच्या घाटावर पोचलो तेव्हा डोंग्यात सामान चढलं होतं. मावशी काठावर ट्रंकेवर बसून होत्या. सासूबाईंनी बॉनेट माझ्या अंगावर टाकलं आणि वाळूतून धावल्या. या वयात त्या धावू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. बंद पडेल या धास्तीने ह्यांनी मोटार चालूच ठेवली, त्यामुळे त्या धडधडीत दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या आणि मावशी त्यांच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत होत्या एवढं दिसलं. डोंगेवाला तेलुगूत "रा अम्मा, रा!" म्हणून चढायची घाई करत होता. मग मावशींना न्यायला आलेल्या मुलाने उचलून डोंग्यात बसवलं. मला रडू आलं, आणि मांडीवर बॉनेट असल्यामुळे डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी परतताना ह्यांनी बॉनेट बसवलं. आलापल्लीच्या आधीच मोटार बंद. आता मात्र माझं डोकं फिरलं. ह्यांना बाजूला करून मी स्वतः पान उचललं आणि या खेपेला इंजिनाकडे न पाहता पानाच्या आतल्या बाजूकडे पाहिलं. तांब्याच्या ताविजावर काळे जळके ठिपके पडले होते. पान खाली केलं की तावीज बरोबर इंजिनाला वीज पुरवणाऱ्या डब्याजवळ लोंबे. खड्ड्यात झोका घेऊन डब्याचा स्क्रू आणि शेजारची लोखंडी पट्टी यांच्या मधे जाऊन अडके, आणि वीज इंजिनाला जायच्या ऐवजी तिथूनच पळून जाई. पान उचललं की तावीजही उचलला जाई. रोग शोधायला हे झाकण उघडत, आणि झाकण उघडणं हेच औषध होतं.

ह्यांनी ते ठिपके बोटाने घासून पाहिले. तावीज मोटारीचा भागच नाही, म्हणून त्यांनी तो कधी मोटारीत धरलाच नव्हता. सासूबाईंनी तो सोडवून आरशाला बांधला आणि बजावलं, "अमीनाबीले सांगू नका. तिनं मनानं देल्ला होता." चांद्यापर्यंत मोटार एकदाही थांबली नाही. ह्यांनी वाटेत दोनदा तरी म्हटलं की बॅटरीची ती तार सैल होतीच.

घरी आल्यावर सगळे विचारत, रस्ता कसा, जंगल कसं, वाघ दिसला का. मी वड्यांचं आणि डोंग्याचं सांगत असे. जा म्हणूनही सांगत असे. जमल्यास बसने.

एक दिवस सासूबाई उन्हात केस वाळवत बसल्या होत्या. पांढरे, विरळ झालेले केस. मी फणी घेऊन मागे बसले आणि विचारलं, घाटावर मावशी काय म्हणाल्या?

"म्हने, तू तशीच हायेस बाई, लगनात होती तशीच. काहीच बदलली नाई." त्यांनी मांडीवरचा एक गळलेला केस उचलला. "म्हंजे तिले दिसलीच नाई मी."

 मी फणी थांबवली.

"विंचर तू," त्या म्हणाल्या. "मी तं पाह्यली न तिले. मन भरून पाह्यली."