पश्चातची ओळ

आमच्या कचेरीत मजकूर कोणी 'सिलेक्ट' करत नाही. आम्ही तो निळा करतो. "नाव निळं केलंस का?" "अरे, अर्धंच निळं झालंय तुझं." "निळं कर आणि उडव." दिवसभर आमचं हेच चाललेलं असतं. नव्या माणसाला वाटतं, आपण चुकून रंगाऱ्याच्या कारखान्यात शिरलो. हा शब्द जुळारीकाकांचा. पडद्यावर मजकूर धरला की तो निळा होतो, मग दुसरं काय म्हणायचं, असं त्यांचं सरळ म्हणणं.

जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा माणूस. खिळे भंगारात गेले, संगणक आले, काकांच्या हुद्द्याचं नाव ऑपरेटर झालं. पण कचेरीत कोणाच्या तोंडी ते बसलं नाही. काका जुळारी ते जुळारीच राहिले. बुटके, जाड काचांचा चष्मा, शर्टाच्या खिशाला कायम पेन्सिल. बोलणं असं की शब्दाला पैसे पडतात की काय. मी तिथली प्रूफं वाचणारी. त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले. मला ते 'प्रूफबाई' म्हणायचे, आणि फारच खूश असले तर 'अगं'.

आमचं दैनिक आठ पानांचं. सातवं पान निधनाच्या बातम्यांचं, आणि ते काकांचं. संध्याकाळी पाचला पान बंद. रोज नव्याने कोण लिहीत बसणार? कालची बातमी उघडायची, कालचं नाव निळं करायचं आणि त्यावर आजचं नाव टाइप करायचं. निळ्यावर पहिलं अक्षर पडलं की आधीचा माणूस नाहीसा. मग वय. मग शेवटची 'पश्चात'ची ओळ: त्यांच्या पश्चात अमुक, तमुक असा परिवार आहे.

यात एक धोका असतो. सगळं बदललं आणि एखादा शब्द निळा करायचा राहिला, तर कालच्या माणसाचं गणगोत आजच्या माणसाला चिकटतं. एकदा सुट्टीवरच्या काकांच्या जागी दुसरा बसला होता, तेव्हा नव्वद वर्षांच्या ब्रह्मचारी गृहस्थांना आम्ही तीन सुना आणि पाच नातवंडं देऊन टाकली होती. त्यांचा पुतण्या तणतणत आला. संपादकांनी माझी अशी हजेरी घेतली की आठवडाभर घास गोड लागला नाही. तेव्हापासून माझा डोळा आधी पश्चातच्या ओळीवर. उरलंसुरलं हुडकायचं आणि उडवायचं. माझा त्यात हातखंडा झाला होता, आणि मला त्याचा गर्वही होता. खोटं कशाला बोलू?

काकांच्या हातून मात्र असं काही राहायचं नाही. माऊसवर त्यांचा विश्वास नव्हता. "हा उंदीरमामा. एक अक्षर मागितलं तर तीन कुरतडतो." एका शब्दावर दोनदा टिचकी मारली की शब्द उचलला जातो, तीनदा मारली की सगळा परिच्छेद, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. पण स्वतः ते शिफ्टचं बटण दाबून धरायचे आणि बाणाच्या बटणाने एकेक अक्षर पुढे सरकायचे. नावाचं पहिलं अक्षर निळं, दुसरं निळं, तिसरं निळं. मी म्हणायचे, "काका, अशाने आजचा माणूस उद्या छापून येईल." ते म्हणायचे, "तो आता कुठे पळून चाललाय?"

घरचं ते कधी बोलत नसत. मला एवढंच माहीत होतं की घरी ते आणि काकू. एकदा मी विचारलं होतं, मुलंबाळं? त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं, "आम्ही दोघंच." मीही मग तो विषय काढला नाही. दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवा, असं वाटलं.

काकू गेल्या तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचं आजारपण झालं. सगळं उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता काका कचेरीत हजर. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी हाताने बसा म्हटलं आणि स्वतः आपल्या खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "काका, मी करते ना. तुम्ही घरी जा."

"नाही," ते म्हणाले. "ही माझी मीच जुळवणार."

त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, मांडीवर ठेवला आणि कालची बातमी उघडली. कालची एका शिक्षिकेची होती. मी पाठमोऱ्या काकांकडे बघत होते. शिफ्ट आणि बाण, शिफ्ट आणि बाण. एका बातमीला त्यांना पाऊण तास लागला. मग कागद परत खिशात घालून, कोणाकडे न बघता ते जिना उतरून गेले.

पाचला दहा कमी असताना मी पान वाचायला घेतलं. काकूंचं नाव बरोबर. वय बरोबर. शेवटची ओळ: 'त्यांच्या पश्चात पती, एक मुलगी असा परिवार आहे.'

कालच्या शिक्षिकेची ओळ मला पाठ होती: पती, एक मुलगी, जावई. बिचाऱ्याने जावई काढला आणि मुलगी राहून गेली, असं मला वाटलं. उभ्या आयुष्यात ज्याचं अक्षर चुकलं नाही, त्याचं बायकोच्याच बातमीत चुकावं! आणि तेही काय, ज्यांना मूल नाही त्यांना मुलगी! सकाळी उघडून बघतील तेव्हा काय होईल त्यांचं? फोन करून विचारावं असं क्षणभर मनात आलं. पण त्या माणसाला तशा दिवशी मुलाबाळांबद्दल काय विचारायचं? मी माऊस धरला, 'एक मुलगी' निळं केलं आणि उडवलं. 'पती असा परिवार' उरलं. एकट्या माणसाला परिवार कसं म्हणायचं, म्हणून तेही निळं केलं. 'त्यांच्या पश्चात पती आहेत.' व्याकरण शुद्ध झालं. छपाईसाठी पान सोडलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत शिकले होते. ती माझ्यासाठी केली होती हे मात्र तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काका आले. हातात अंक, सातवं पान वर. माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. आवाजात थोडी फुशारकीच होती. "कालचं राहिलं होतं काका. वेळेवर नजर गेली म्हणून बरं."

ते खाली बसले. खुर्चीत नाही, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांवर.

"राहिलं नव्हतं गं," ते म्हणाले. "ते घातलं होतं."

मग त्या माणसाने, इतक्या वर्षांत जेवढं बोलला नसेल तेवढं, एका दमात सांगितलं. मुलगी होती. एकुलती एक. तिने मनाने लग्न ठरवलं, काकांना मुलगा पसंत नव्हता, शब्दाने शब्द वाढला, आणि उंबऱ्यात उभं राहून काका म्हणाले, "आजपासून आम्हाला मुलगी नाही." काळ्या दगडावरची रेघ. अकरा वर्षं त्यांनी ती पुसली नाही. मुलगी दर मंगळवारी दुपारी, काका कामावर असताना, घरी फोन करायची. काकूच तिला म्हणाल्या होत्या की तू कुठे असतेस ते मला सांगूच नकोस, यांनी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. नंबर, पत्ता काहीच घरात नव्हतं. हे सगळं काकूंनी नवऱ्याला शेवटच्या आजारपणात सांगितलं, दवाखान्यात. आणि म्हणाल्या, "ती रोज तुमचं ते पान बघते. माझं नाव नाही ना आलं, एवढंच बघते. येईल तेव्हा त्यात तिलाही ठेवा. एवढं करा."

"मला बोलता येत नाही प्रूफबाई," काका म्हणाले. "मला जुळवता येतं. म्हटलं, दोन शब्द जुळवू. ती वाचेल. तिला कळेल."

तिने ते पान उघडलं असणार, आईचं नाव बघितलं असणार, आणि खाली वाचलं असणार: पश्चात पती आहेत. बस. म्हणजे बापाने आई गेल्यावरसुद्धा शब्द मोडला नाही. मी रडायला लागले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातला तो घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"यापुढे कागद मागत जा," एवढंच म्हणाले. "आणि हा तुझ्याकडे ठेव. घरी मला तो बघवणार नाही."

पेन्सिलने लिहिलेली बातमी होती. 'एक मुलगी' या शब्दांखाली दोन रेघा. आधी लिहिलेलं खोडून तेच पुन्हा लिहिलं होतं, कागद विरला होता.

त्याच दिवशी आम्ही चूक दुरुस्ती छापायला घेतली. मी लिहिली, काकांनी जुळवली. 'काल या पानावर आलेल्या बातमीत पती, एक मुलगी असा परिवार आहे, असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' पान तयार झाल्यावर काका पडद्याकडे बघत राहिले.

"उद्या वाचेल ती," मी म्हटलं.

"कशाला वाचेल?" ते म्हणाले. "ती हे पान आईसाठी बघायची. आईचं नाव येऊन गेलं. आता यात तिचं काय आहे?"

मी पान सोडलं.

पुढे काका दर मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लागले. कचेरीत सगळ्यांना वाटायचं, डॉक्टरकडे जातात. ते घरी जाऊन फोनपाशी बसायचे. एकदा त्यांना ताप होता म्हणून मी मंगळवारी डबा घेऊन गेले. दोन खोल्या, झाडून पुसून लख्ख. फोन स्टुलावर, स्टुलासमोर खुर्ची. मी जेवा म्हटलं तर म्हणाले, "चार वाजू दे. तिची वेळ दोन ते चार." फोन वाजला नाही. चार वाजल्यावर त्यांनी रिसिव्हर उचलून कानाला लावला, फोन चालू आहे ना बघितलं, परत ठेवला आणि जेवायला बसले. मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.

दीड वर्ष असं गेलं. एक दिवस त्यांनी मला आपल्या टेबलाशी बोलावलं. पडद्यावर त्यांची स्वतःची बातमी होती. नाव, मग वयाची जागा मोकळी, मग ओळ: 'त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे.'

"असलं अभद्र काय करताय काका?"

"अगं, माझं पान दुसरा कोणी बिघडवेल. वय तेवढं घाल. बाकी काही निळं करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"परिवार मीच काढलाय," ते म्हणाले आणि चक्क हसले. "व्याकरण."

पावणेदोन महिन्यांनी मी ती फाइल उघडली. वयाच्या जागी आकडा घातला. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. ओळ पाच वेळा वाचली आणि पान सोडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या खिडकीवरून निरोप आला की कोणी बाई चूक दाखवायला आल्या आहेत. मी खाली गेले. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, बुटकी, जाड काचांचा चष्मा. मी जिन्यातच ओळखलं. तिच्या हातात सातव्या पानाचं कात्रण होतं.

"मी हे पान वाचत नाही आता. शेजारणीने आणून दाखवलं," ती म्हणाली. आवाज शांत होता, शब्द मोजून काढलेले. "यात चूक झाली आहे. या गृहस्थांना मुलगी नव्हती. मागच्या वेळी, त्यांच्या बायकोच्या बातमीत, तुम्ही बरोबर छापलं होतं. तपासून बघा."

मी तिला बाकावर बसवलं. वर जाऊन खणातला कागद आणला आणि तिच्या हातात दिला. तिने चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षर तिला ओळखावं लागलं नाही. दोन रेघांशी ती थांबली.

"हे कधीचं?"

"तुमच्या आईच्या बातमीचं. त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतःच जुळवलं. दर मंगळवारी दोन ते चार ते फोनपाशी बसायचे."

ती कागदाकडे बघत राहिली. मांडीवर ठेवून तिने तो दोन्ही तळव्यांनी सपाट केला, पुन्हा पुन्हा सपाट केला. मग माझ्याकडे बघितलं.

"मग काढलं कोणी?"

"मी," मी म्हटलं.