बगळा उतरवला तेव्हा

आमच्या घरी गाडी होती असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघतात, म्हणून आधीच सांगून टाकते. गाडी होती, पण आम्ही तिच्यात बसत नव्हतो. ती भाड्यानं लग्नांना जायची. बाबा ती चालवायचे आणि उरलेला वेळ पुसायचे. घाटकोपरला आम्ही दोन खोल्यांत राहायचो, आणि गाडी शेजारच्या वखारीत पत्र्याखाली, आमच्यापेक्षा ऐसपैस.

बाबा एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबांचे ड्रायव्हर होते. संप झाला, गिरणीला टाळं लागलं आणि साहेब गाशा गुंडाळून विलायतेला मुलाकडे गेले. जाताना त्यांनी आपली जुनी विलायती गाडी बाबांच्या नावावर करून दिली. कंपनी तिकडची, पिढ्यान्‌पिढ्या राजेरजवाड्यांना गाड्या पुरवणारी. तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता यायचं नाही. पण बॉनेटच्या टोकावर पंख पसरलेला, मान पुढे काढलेला एक चकचकीत बगळा होता. ती कंपनीची निशाणी. म्हणून सगळ्यांच्या तोंडी ती ‘बगळ्याची गाडी’.

पहिल्याच लग्नात नवरीच्या आत्यानं त्या बगळ्याला हळदकुंकू वाहिलं. तिला तो सरस्वतीचा हंस वाटला. बाबा म्हणाले, “बाई, ह्यो हंस नाय, बगळो आसा.” आत्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्या गळ्यात हारही घातला. झालं. त्यानंतर प्रत्येक पाठवणीला तोच रिवाज पडला. नवरीनं बगळ्याला कुंकू लावायचं, बाबांनी दोनदा हॉर्न वाजवायचा, मग गाडी हलायची. गुजराती लग्नांतही हेच. मागच्या वस्तीतले बौद्ध लोक कुंकवाच्या भानगडीत पडत नसत. ते जयंतीच्या मिरवणुकीला गाडी न्यायचे आणि बगळ्याच्या मानेला निळा झेंडा बांधायचे.

नवरीपुढे कुंकवाचा करंडा धरायचं काम माझं. कॉलेज संपून मुलुंडच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, तरी सुट्टीच्या दिवशी करंडा माझ्याच हातात. समोर एकेक नवरी यायची. कुणी रडत, कुणी साडीचा बोंगा सावरत, एकीला तर शिंकाच आवरत नव्हत्या. दर वेळी माझ्या मनात एकच यायचं, की एक दिवस करंडा दुसऱ्या कुणाच्या हातात असेल आणि कुंकवाचं बोट माझं असेल. मला ते फार हवं होतं. सोन्यानाण्याची मला तेवढी हौस नव्हती, पण हे हवं होतं.

माझं लग्न बोरीवलीच्या घरात ठरलं. बोलणी करताना माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी हुंड्याचं नावही काढलं नाही, एवढंच म्हणाल्या, “सून मात्र बगळ्याच्या गाडीतून आली पाहिजे हं.” बाबांची छाती फुगली. माझीही.

आणि नेमके तेव्हाच साहेबांचे भाचे विलायतेहून आले. सोबत मखमलीच्या डबीत एक वस्तू होती. कंपनीनं म्हणे आपलं रूप बदललं होतं. बगळा रद्द. आता चपटी चंदेरी चकती आणि तिच्यावर दोन तिरक्या रेघा. “त्या रेघा म्हणजे पंखच आहेत. एकदम मॉडर्न!” भाचे म्हणाले. तिकडेसुद्धा यावरून बोंबाबोंब झाली होती. लोकांनी वर्तमानपत्रांतून कंपनीला शिव्या घातल्या होत्या. साहेबांनी मात्र आपल्या जुन्या ड्रायव्हरची आठवण ठेवून चकती पाठवली होती.

बाबांनी ती लगेच बसवून घेतली. गॅरेजवाल्यानं बगळा उतरवला, त्याच्या जागेची भोकं बुजवून वर रंग मारला आणि पुढच्या जाळीवर चकती लावली. संध्याकाळी गाडी वखारीबाहेर आली आणि विलायतेत जे झालं असेल ते घाटकोपरात झालं.

“काय ड्रायव्हरकाका, बगळा उडाला?” पानवाल्यानं सुरुवात केली.

“अंकल, ये तो स्टोव्ह का ढक्कन है ना!” एक रिक्षावाला म्हणाला.

नाक्यावरची पोरं गाडीभोवती फिरून आली. “पार वाट लावली यार. पहिली कसली झकास दिसायची!”

आमच्या चाळीतले एक ड्रॉइंगचे मास्तर तेवढे बाबांच्या बाजूनं उभे राहिले. साधेपणा हेच खरं सौंदर्य, वगैरे बराच वेळ बोलले. पण त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं आणि त्यांच्या बायकोनं एकच विचारलं, “ते सगळं ठीक आहे हो. पण कुंकू लावायचं कुठं?” त्या लग्नाला शेवटी फुलांनी मढवलेली टॅक्सी आली. वस्तीतल्या लोकांनी झेंडा बाजूच्या आरशाला बांधून बघितला, तो निम्म्या वाटेत सुटला. एकेक लग्न हातचं जायला लागलं.

बाबांचं उत्तर ठरलेलं. “कंपनीन बदलल्यान. आमी कोण नाय म्हणणारे?” जसे काही कंपनीचे डायरेक्टर यांना विचारूनच पुढचं पाऊल टाकत होते.

मी सरळ सांगितलं, “बाबा, एका दिवसापुरता बगळा परत लावा. माझ्यासाठी. मग हवं तर काढा.”

“बघूया,” ते म्हणाले. आमच्या घरात ‘बघूया’ म्हणजे नाही.

लग्न जवळ आलं तसं आईनं सूत्रं हातात घेतली. बगळा ट्रंकेत आहे असं आम्ही दोघी धरून चाललो होतो, कारण त्याला पुसायचं मऊ पिवळं फडकं घडी घालून ट्रंकेत ठेवलेलं होतं. तिनं ट्रंक उपसली. फडकं निघालं, बगळा नाही. बाबा दारात उभे होते.

“भाचे घेऊन गेले,” ते म्हणाले. “सायबांनी मागल्यानी.”

तेव्हा सगळं बाहेर आलं. बगळा बंद झाल्यावर तिकडे जुन्या बगळ्यांना भलतीच किंमत आली होती, लोक ते काचेच्या कपाटात मांडून ठेवत होते. साहेबांनाही एक हवा होता. चकती आली ती त्या बदल्यात.

“इतके दीस लोकांची बोलणी खाल्लात, आणि माका एका शब्दान सांगूक नाय?” आई म्हणाली.

“ज्येंनी अख्खी गाडी दिल्यानी, तेंका नाय कसा म्हणतलंय?”

मला राग आला. साहेबांचा आला, भाच्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त बाबांचा. गाडी नावावर झाली तरी माणूस ड्रायव्हरच राहिला, असं मी मोठ्यानं म्हटलं. बाबा वखारीत जाऊन गाडी पुसत बसले.

सासूबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, “आता नाही तर नाही. तीच गाडी आणा.” त्यांच्या आवाजातली निराशा मला कळली, कारण ती माझीच होती.

लग्नाच्या दिवशी बाबांनी सोवळं नेसून कन्यादान केलं आणि जेवणं झाल्यावर ते आत जाऊन पांढरा युनिफॉर्म, टोपी घालून आले. काका वैतागले. मुलीचा बाप मांडवाच्या दारात उभा राहून निरोप देतो, मुलीला सासरी सोडायला गाडी चालवत जात नाही. “दुसरा ड्रायव्हर बघा ना!” बाबा म्हणाले, “माझी गाडी दुसरो कोण चालयतलो?” आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

आई रडली, मावश्या रडल्या, मीही रडले. बाबा समोर बघत होते. ड्यूटीवर त्यांना तोंडाची रेघही हलवायची सवय नव्हती. मग सवयीनं कुणीतरी माझ्यापुढे करंडा धरला. मी बोट बुडवलं आणि बॉनेटकडे गेले. तिथं नुसता गुळगुळीत रंग. खाली जाळीवर ती चकती. सगळ्या बायका बघत होत्या. बोट ओलं, लाल, आणि लावायला जागा नाही.

मी तशीच बाबांच्या खिडकीशी आले. त्यांची टोपी जरा मागे सारली आणि कपाळावर कुंकू टेकवलं. मी रागात होते की मायेत होते, मला आजही नक्की सांगता येणार नाही. बाबांनी टोपी सारखी केली, दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी हलली.

गाडी जुनी, लांबच्या वाटेला तापायची. पुढच्या फळीवर एक काटा होता. तो लाल रेघेकडे सरकला की बाबा गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडत आणि डब्यातलं पाणी ओतत. हे मला घरातल्या कुकरच्या शिट्टीइतकं पाठ होतं. अंधेरी मागे पडली, आम्ही हायवेला लागलो. दिंडोशीच्या आसपास बाबांनी गाडी कडेला घेतली. “पाणी घालतंय,” एवढंच म्हणाले, उतरले, आणि बॉनेट वर केलं. बॉनेटमागे ते दिसेनासे झाले.

बराच वेळ गेला. पाण्याचा डबा त्यांच्या सीटखालीच होता. मागून वऱ्हाडाची बस येऊन थांबली, कुणीतरी हाका मारायला लागलं. बॉनेट तसंच वर.

“फार तापली का गं गाडी?” माझ्या नवऱ्यानं विचारलं.

मी बाबांच्या रिकाम्या सीटवरून पुढे वाकून काटा बघितला. तो आपल्या नेहमीच्या जागी निवांत पडला होता.

“हो,” मी म्हटलं. “तापलीय. थांबूया जरा.”