मुनवरचाचांची मुक्कामी गाडी

आमच्या गावाला दवाखाना नाही, नदीवर धड पूल नाही, पण व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. ‘आपलं गाव, आपला अभिमान’ असं त्याचं नाव. अभिमान नेमका कशाचा, असं मी एकदा ॲडमिनला विचारलं होतं. त्यानं मला अंगठा पाठवला.

तेरच्या अलीकडं, फाट्यावरून आत आलं की हे गाव लागतं. माझं औषधांचं दुकान पारासमोर आहे आणि दुकानाला लागून मुनवरचाचांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक भट्टी. मला सांगायचंय ते चाचांबद्दल. पण त्या ग्रुपचं नाव घेतल्याशिवाय आता चाचांबद्दल काही सांगताच येत नाही, आणि माझी चिडचिड होते ती याचीच.

आमच्या गावाला धाराशिवहून एसटीची मुक्कामी गाडी यायची. संध्याकाळी यायची, शाळेजवळच्या लिंबाखाली रात्रभर उभी राहायची आणि सकाळी पोरं, बाजारकरी, कोर्टकचेरीवाले भरून परत जायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे. त्यांच्या जेवणाची पूर्वी गावात पाळी होती. आज एकाच्या घरून भाकरी, उद्या दुसऱ्याच्या. गाडी गावात झोपली म्हणजे ती गावची पाहुणी, असं जुनी माणसं म्हणायची. पुढं घरोघर मोटारसायकली आल्या आणि गाडीची गरज कमी झाली तशा पाळ्याही गळत गेल्या. ज्याला त्याला वाटायचं, दुसरा कुणीतरी देतच असेल. कुणीच देत नव्हतं. गुलबानोचाची तेवढं न सांगता जास्तीचं पीठ मळायला लागल्या.

एक कंडक्टर माळकरी निघाला, तर चाचींनी त्याच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळं पातेलं आणलं. तो कंडक्टर बदलून गेला, पण तवा खुंटीवर तसाच राहिला. चाचांनी एकदा त्याच्यावर ऑम्लेट टाकायचा विचार नुसता बोलून दाखवला, तर चाची म्हणाल्या, “त्यो इस्टीचा तवा हाय. उद्या परत माळकरी आला म्हंजे?” चाचा गप बसले. गावात त्यांना गप बसवणारं तेवढं एकच माणूस आहे.

एरवी चाचा कुणाला जुमानत नाहीत. हॉटेलात दोन्ही पार्ट्यांची माणसं येतात. कुणी नेत्याचं नाव काढून आवाज चढवला की चाचा कपबशी उचलतात आणि म्हणतात, “राजकारन भाईर, बाकडं आत. दोन्ही एका टायमाला मिळनार न्हाय.” मला ते डाक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला चिडवायची त्यांची ती रीत आहे.

त्यांच्या मुलानं, साजिदनं, पुण्याहून मोठा फोन पाठवला तेव्हा कुणीतरी त्यांनाही ग्रुपात घेतलं. चाचांना लिहिता येत नाही. पण सकाळी कुणी गुलाबाचं चित्र टाकून ‘शुभ सकाळ’ पाठवलं आणि कुणी ते वाचून दाखवलं, की त्याचं उत्तर द्यायला नको का? म्हणून चाचा फोन तोंडापाशी धरून एकेकाला आवाज पाठवायचे, “व्हय बाबा, तुमाला बी.” पोरं फिदीफिदी हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सगळ्या ग्रुपात खरोखर उत्तर देणारा तेवढा एकच माणूस होता.

यंदाच्या पावसाळ्यात नंदीश नावाचा ड्रायव्हर मुक्कामाला असायचा. उमरग्याकडचा, बोलण्यात कानडी हेल असलेला, बाकड्यावर मांडी घालून सगळ्या गावाशी गप्पा मारणारा माणूस. एका संध्याकाळी तो गाडीतून उतरला तोच थरथरत. अंग तव्यासारखं तापलेलं. मी माझ्या हातानं त्याला तापाची गोळी दिली. चाचांनी त्याचा सदरा काढला, बाकड्यावर आडवं केलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. चाचींनी काढा करून पेल्यात आणून दिला. हे सगळं भर उजेडात, पारावर बसलेल्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

तेवढ्यात बजरंगनं रस्त्यावरून व्हिडिओ काढला. बजरंग हा योगीराजचा माणूस आणि योगीराज म्हणजे आमच्या ग्रुपचा ॲडमिन. गावात कुणाचा वाढदिवस असो, बारसं असो, त्या फ्लेक्सवर याचा फोटो आणि खाली ‘भावी सदस्य’. कशाचा सदस्य, ते अजून ठरायचंय. बजरंगच्या व्हिडिओत उघड्या अंगाचा ड्रायव्हर, शेजारी पेला, आणि खाली मजकूर: ‘जनतेच्या पैशावर ड्रायव्हर टल्ली. लोकप्रतिनिधी झोपलेत का?’

मग काय विचारता. एक पार्टी म्हणाली, हे आत्ताच्या आमदाराचं पाप. दुसरी म्हणाली, मागच्याचं. दोघांनी मिळून एकमेकांच्या नेत्यांचे पूर्वज उद्धरले. हे लिहिणारे निम्मे लोक पारावरच बसले होते. तिथून हॉटेल दिसतं. मान वळवली असती तरी पुरे होतं. पण मान फोनात. मी लिहिलं, ‘माणूस तापानं फणफणलाय, गोळी मी दिलीय.’ बजरंगचं उत्तर आलं, ‘मेडिकलवाल्यांचापण हिस्सा वाटतं.’ त्याखाली हसरी तोंडं रांगेनं लागली. त्यातलं एक धनाजीचं होतं.

धनाजी माणूस वाईट नाही. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं तो व्हिडिओ सहज म्हणून जिल्ह्यातल्याच वाशीला मेहुण्याला पाठवला. मेहुण्यानं पुढं पाठवला. सहज, सहज करत तो सगळ्या जिल्ह्यात फिरला.

नंदीशची चौकशी झाली. तपासणीत दारूचा थेंब निघाला नाही, माणूस निर्दोष सुटला. पण डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी साहेबाला सांगितलं, त्या गावी आमच्यापैकी कुणी मुक्कामाला जाणार नाही. आजारी माणसाची जिथं अशी शोभा करतात, तिथं झोपायचं कुणाच्या भरवशावर? मुक्कामी गाडी बंद झाली. आता दुपारी एक गाडी येते आणि आल्या पावली परत जाते.

यावर आमच्या ग्रुपनं काय केलं असेल? निषेध केला. सगळ्यांनी आपापल्या प्रोफाइलचे फोटो हटवून काळा चौकोन लावला. योगीराजनं रिकाम्या थांब्यावर गॉगल लावून रील काढला, ‘गावावर अन्याय का?’ रोज कुणीतरी लिहायचं, ‘पाठपुरावा चालू आहे.’ कोण करत होतं पाठपुरावा? एक माणूस उठून डेपोत गेला असेल तर शपथ. गाडी घालवली आपणच आणि तिच्या नावानं गळा काढायलाही आपणच पुढं.

या सगळ्यात भरडली गेली ती समृद्धी. धनाजीचीच मुलगी, धाराशिवला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. रोज सकाळच्या गाडीनं जायची. तिला उशीर झाला की चाचा ड्रायव्हरला चहाचा आणखी एक कप देऊन गाडी थांबवून धरायचे. आता गाडी नाही आणि वडापच्या जीपनं पोरीला पाठवायला धनाजी तयार नाही. तो म्हणाला, “एक वरीस घरी बस. पुढचं पुढं बघू.” पुढं काय बघायचं असतं ते आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वाशीच्या मेहुण्यानं एक स्थळ आणूनही ठेवलं होतं.

समृद्धी हॉटेलाशी येऊन चाचांना एवढंच म्हणाली, “चाचा, गाडी परत येईल का ओ?” त्या दिवशी चाचांनी ग्रुपात पहिल्यांदा ‘तुमाला बी’ सोडून दुसरं काही पाठवलं. “नंदीशराव दारूला शिवत न्हाईत. त्या पेल्यात माझ्या घरातला काढा व्हता. पाव्हन्याला आपुन बदनाम केलं. आपुन समद्यांनी जाऊन माफी मागू, गाडी येईल.”

अर्ध्या तासात कुणीतरी त्या आवाजाला ढोलकी जोडली. ‘माझ्या घरातला काढा, माझ्या घरातला काढा.’ पोरं त्याच्यावर नाचली. एकानं विचारलं, चाचांना इस्टीवाल्यांचा एवढा पुळका का? दुसऱ्यानं जे लिहिलं ते चाचांच्या धर्मावर होतं, आणि ते मी इथं लिहिणार नाही. योगीराजनं वाद नको म्हणून काढून टाकलं. त्या लिहिणाऱ्याला नाही. चाचांना.

मी संतापून हॉटेलात गेलो. चाचा भट्टी पुसत होते. म्हणाले, “डाक्टर, माझा आवाज बरा हाय का ओ? ढोलकीवर बसला म्हंत्यात.” हसले, पण फडकं त्याच त्या जागेवर फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते चाचींच्या भाकऱ्या फडक्यात बांधून डेपोत गेले. साहेब सभ्य होता. म्हणाला, “ड्रायव्हर यायला तयार झाला तर माझी ना नाही.” नंदीशनं भाकरी खाल्ली, चाचींची खुशाली विचारली आणि मग म्हणाला, “चाचा, चौकशीचं मला काही वाटलं नाही बघा. पण तो व्हिडिओ माझ्या लेकीच्या शाळेत पोरांनी तिलाच दाखवला. तुजा बाप बेवडा म्हणाले. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला माफी नको. ज्यांनी खोटं पाठवलं, त्यांनी एकदा खरं पाठवावं. माझ्या पोरीला दाखवायला.”

एवढंच मागणं होतं. चाचा गावात आले आणि दारोदार फिरले. बजरंग म्हणाला, योगीराज म्हणतील तसं. योगीराज म्हणाला, “चाचा, निवडणूक तोंडावर आहे. आत्ता माघार घेतली तर चुकीचा मेसेज जातो.” माणसाची अब्रू गेली त्याचं काही नाही, मेसेज चुकीचा जायला नको. मग चाचा धनाजीकडं गेले. धनाजी जमिनीकडं बघत म्हणाला, “समद्या गावानं पाठीवला चाचा. म्या एकटाच कसा पुडं व्हनार?”

समृद्धी आतून ऐकत होती. ती बाहेर आली, बापाच्या हातातला फोन घेतला आणि तडक हॉटेलात आली. ग्रुपात बायका नाहीतच, त्यामुळं जे काही पाठवायचं ते बापाच्याच नावानं जाणार होतं. तिनं मला, चाचांना आणि चाचींना त्या बाकड्याशी उभं केलं आणि फोनवर व्हिडिओ सुरू केला. मी गोळीचं सांगितलं. चाचींनी पेला दाखवला. मग तिनं फोन स्वतःकडं वळवला आणि शांतपणे म्हणाली, “ड्रायव्हरकाकांचा तो व्हिडिओ माझ्या वडिलांनीपण पुढं पाठवला. तो खोटा होता. ते काका आजारी होते. आमच्या घराकडून मी माफी मागते. ज्यांनी ज्यांनी तो पाठवला, त्यांनी हापण पाठवावा.”

धनाजी मागोमाग येऊन दारात उभा होता. फोन हिसकून घेईल असं मला वाटलं. त्यानं तसं केलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

तिनं तो ग्रुपात टाकला. सगळ्यांनी बघितला. निळ्या खुणा उमटल्या. अंगठा नाही, हसरं तोंड नाही, हात जोडलेले नाहीत. एकानंही पुढं पाठवला नाही. थोड्या वेळानं कुणीतरी गुलाबाचं चित्र टाकलं आणि तो वर सरकून गेला.

खोटं आपल्या पायानं उमरग्याला पोचलं होतं. खऱ्याला कुणीतरी नेऊन सोडावं लागणार होतं. समृद्धीनं तो चाचांच्या फोनात घालून दिला आणि चाचा गाड्या बदलत नंदीशच्या गावी गेले. त्याच्या मुलीला समोर बसवून दाखवला. मुलीनं तो पुन्हा लावायला सांगितला, परत बघितला आणि विचारलं, “आजोबा, हा आमच्या वर्गातल्या पोरांना कधी येणार?”

परत आल्यावर चाचांनी तोच प्रश्न मला विचारला.

नंदीश मात्र म्हणाला, “त्या पोरीनं बापाचं नाव लपवलं नाही. तिच्यासाठी येतो.” आणि खरोखर मुक्कामी गाडी सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी योगीराज नारळ आणि हार घेऊन थांब्यावर हजर. ग्रुपात फोटो आला, ‘आमच्या पाठपुराव्याला यश.’ अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि तो फोटो वाशीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मी त्याच्याखाली नंदीशच्या मुलीचा प्रश्न लिहिला. पुढच्या क्षणी मलाही ग्रुपमधून काढलेलं होतं. आता मी आणि चाचा दोघंच बाहेर आहोत, आणि आमचं चांगलं चाललंय.

समृद्धी रोज सकाळी गाडीत चढते. धनाजी हल्ली तिला थांब्यापर्यंत सोडायला येतो. ड्रायव्हरकडं मात्र बघत नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी चाचांनी बाकडं पुसून ठेवलं होतं. नंदीश उतरला, चाचांना भेटला, माझ्याशी बोलला, पण बसला नाही. म्हणाला, “चाचा, जेवण गाडीतच आणून देता का?” तेव्हापासून चाची ताट झाकून गाडीत नेऊन देतात. तो खिडक्यांच्या काचा लावून घेतो, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावतो, आणि मगच भाकरी मोडतो.