आप्पांच्या गाडीतला खुंटा

माझ्या आत्याच्या थोरल्या दिरांइतका सावध माणूस बेळगाव ते निपाणी या टापूत दुसरा झाला नसेल. खुर्चीवर बसण्याआधी ते तिचे चारही पाय हलवून बघत, मग ती परक्या घरची का असेना. झोपाळ्याच्या कड्या, जिन्याचा कठडा, देवळातल्या घंटेची साखळी, सगळ्यांना एकेक हिसका दिल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. निपाणीला एका लग्नात त्यांनी जाता जाता मांडवाचा खांब हलवून पाहिला आणि अर्धा मांडव वऱ्हाडावर बसला. कापडाखालून एकेक पाहुणा रांगत बाहेर येत होता, नवरदेवाच्या बाशिंगाचा शोध चालला होता, आणि आप्पा (त्यांना सगळे आप्पाच म्हणत) तो खांब हातात धरून शांतपणे सांगत होते, "बघा, मी हलवला म्हनून कळलं. न्हायतर पडला असता की."

बेळगावच्या वडगावात त्यांचे घरचेच साड्या विणायचे माग होते. मागांची खटखट दिवसभर चाले, आणि परसात फणसाखाली त्यांची निळी विलायती गाडी त्या आवाजात डुलकी घेत असल्यासारखी उभी असे. गोव्याच्या कुणा डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली होती. दिवे गोल, रंग उन्हानं विटलेला, आणि पुढच्या दोन्ही सीटांना पट्टे. सत्तरच्या दशकात आमच्याकडे मुळात मोटारी मोजक्या, त्यात पट्टा बांधून बसणारे आप्पा एकटेच. गल्लीतून गाडी निघाली की कुणीतरी ओरडेच, "आप्पा, दावं बांधलं न्हवं? न्हायतर सुटून पळशीला!" आप्पा चिडले नाहीत. पुढेपुढे तेच पट्ट्याला दावं म्हणू लागले, आणि पट्ट्याचा बोल्ट गाडीच्या तळाला जिथे पक्का होतो त्या जागेला खुंटा. "दावं कितीबी भारी असू दे," ते म्हणत, "खुंटा घट्ट पायजे."

डाव्या बाजूचा खुंटा गोव्याच्या खाऱ्या हवेनं खाल्ला होता. आप्पांनी सवयीप्रमाणे हिसका दिला तेव्हा बोल्टासकट गंजलेल्या पत्र्याचा तुकडा त्यांच्या हातात आला. त्या दिवसापासून डावी सीट बंद झाली. खुंटा दुरुस्त होईपर्यंत तिथे कुणी बसायचं नाही.

यात पंचाईत झाली ती आक्कांची, म्हणजे आप्पांच्या पत्नीची. त्यांचं माहेर कणकुंबीच्या अलीकडे, जंगलात. संसारात त्यांनी फारसं काही मागितलं नव्हतं, पण गाडी आली तेव्हा एक इच्छा बोलून दाखवली होती: तिच्यात पुढं बसून एकदा माहेरी जायचं. त्यांच्या आईची नजर मंद होत चालली होती आणि म्हातारीचा निरोप दर सणाला येई, "डोळं हायत तवर लेकीला गाडीतनं उतरताना बघू दे." आप्पा म्हणाले, मागं बस. "आन मागं कुठं दावं हाय?" आक्कांनी विचारलं. मागच्या माणसाला पुढच्या सीटचा आडोसा असतो, असं आप्पांचं शास्त्र होतं. आक्का म्हणाल्या, "मागनं जायाला मी काय सुताचं गठूळं हाय? जाईन तर पुढं बसून."

मी तेव्हा कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत होते आणि सुट्टीत आत्याकडे, म्हणजे आप्पांच्याच घरी, राहायला येत असे. गाडीबरोबर आलेलं दुरुस्तीचं जाड इंग्रजी पुस्तक आप्पांना मराठी करून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसे. बोलावं लागत नसे, फक्त वाचावं लागे, आणि ते मला बरं होतं. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढावा, असं मी वाचलं की आप्पा म्हणत, "पुन्यांदा वाच." मग फणसाच्या पानांमधून उन्हाचे कवडसे गाडीत फिरत, मागांचा आवाज दूर दूर जाई, आणि वाचता वाचता मला झोप लागे. जागी होऊन पाहावं तर आप्पा त्याच जागी, हातात पेचकस घेऊन त्याच भोकाकडे बघत बसलेले.

आधी एका वेल्डरनं गंजावरूनच नवा पत्रा बसवून दिला. आप्पांनी पेचकस टोचला, तो आरपार गेला. "ठिगळ हाय हे. धोतराला चालतंय," असं म्हणून त्यांनी पत्रा उपटला आणि स्वतः करवत घेतली. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं होतं. तो लागला, पण आप्पांना त्याचाही संशय आला. आणखी बोटभर, आणखी बोटभर, असं करता करता भोक परातीएवढं झालं. खालचं गवत दिसू लागलं. एके दुपारी शेजारची कोंबडी त्यातून आत शिरली आणि डाव्या सीटवर अंडं घालून बसली. आक्का दारातून बघत होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "माझ्याआधी कोंबडी बसली पुढं. तिला दावं बांधलासा काय?"

अखेर जाड पत्रा कापून बसवला, चहूबाजूंनी वेल्डिंग झालं, खालून नट आला, वर काळा रंग चढला. कुणालाही वाटलं असतं की आता निघावं. आप्पा मात्र खुंटा ओढून बघायला अनगोळच्या एका शेतकरी मित्राला बैलजोडीसकट घेऊन आले. गाडी फणसाखालून ढकलत गल्लीत आणली, पट्ट्याला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, दारातून बाहेर काढून जुवाला अडकवला. जगातल्या प्रत्येक वस्तूला हिसका देऊन बघणारा तो माणूस, गाडी ढकलताना सोडलेला हँडब्रेक मात्र पुन्हा ओढायला विसरला. बैलांनी ओढ घेतली तशी गाडी त्यांच्यामागून निघाली. मागून काय येतंय ते न कळून बैल पळू लागले. आप्पा उघड्या दारातून आत डोकं घालून गाडीबरोबर धावत होते. "हालला न्हाय! खुंटा हालला न्हाय!"

"अवो आप्पा, गाडी चालली की!" मित्र ओरडला.

"जाऊ दे रं गाडी! खुंटा बघ!"

पुढे विणकरांनी रस्त्यात उभ्या धाग्यांचा लांबच लांब ताणा लावला होता. बैल आणि गाडी त्या रंगीत सुतात गुरफटून थांबली. सगळी गल्ली सूत सोडवायला बसली, शिव्या देत आणि हसत. त्या घोळक्यातून आक्का पुढे आल्या, दोन्ही हातांनी पट्टा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "मग? कवा जायाचं?"

आम्ही हिवाळ्यातल्या एका सकाळी निघालो. आक्कांनी इरकलीवरून पट्टा बांधून घेतला, पदर त्यावरून नीट सारखा केला. मी मागे. जांबोटी मागे पडली आणि रस्ता झाडांच्या आत शिरला. धुकं अजून उठलं नव्हतं. गाडी इतकी हळू जात होती की पानांवरून ठिबकणारं दव ऐकू यावं. वाटेत एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. ही वाट संपू नये, असं मला वाटत होतं.

आक्कांच्या गावाच्या तोंडाशी एक म्हैस आडवी आली. आप्पांनी ब्रेक दाबला, आणि त्याच झटक्यात त्यांचा डावा हात आक्कांपुढे आडवा गेला.

"अवो, हात काढा," आक्का म्हणाल्या. "बांधलंय न्हवं मला?"

"व्हय. असू दे."

म्हैस निवांत गेली. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच कण्हत कण्हत घरापुढचा चढ चढू लागली. गिअर बदलायला तोच हात हवा होता, पण आप्पांनी तो काढला नाही. समोर उंबऱ्यात म्हातारी कपाळावर हात धरून उभी होती. तिला किती दिसलं असेल, मला माहीत नाही. मला मागून दिसलं ते इतकंच, की गाडी तिच्या दारात उभी राहिल्यावरही तो हात थोडा वेळ तिथेच होता, आणि आक्कांनी तो काढायला पुन्हा सांगितलं नाही.