अण्णांचे पांढरे चौकोन

आमच्या पेंटर अण्णांना एका कंपनीने फसवलं. वेबपेज फुकट बनवून देते म्हणाली, कायम फुकट ठेवते म्हणाली, आणि ते गिळून मोकळी झाली. मी बंगळूरला, बोम्मसंद्र्यात जुन्या मशिनींचा धंदा करतो. बंद पडलेल्या कारखान्यातून माल उचलताना मी समोरच्याला घाम फोडतो, तोही मला सोडत नाही. पण एकदा हो म्हटल्यावर सौदा मोडायचा नसतो, एवढं आम्हा भंगारवाल्यांनाही कळतं.

अण्णांना तुम्ही पाहिलं असेल. येलहंक्याच्या जुन्या बाजारात रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहून, एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून पाटीकडे बघणारा उंच, वाळका म्हातारा. रिक्षावाले शिव्या घालत बाजूने जायचे. कुणी म्हणालं, "अण्णा, झकास झालीय की," तर उत्तर ठरलेलं, "जवळनं सगळं झकासच दिसतंय. लांबून बघा, मग बोला."

माझ्या गोदामाची पहिली पाटी त्यांचीच. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, पण पाटीवर 'अँड सन्स' हवं अशी हौस होती. अक्षरागणिक दर कळल्यावर हौस उतरली. म्हटलं, "सन्स काढा."

"आज काढताय सावकार, उद्या मुलगा झाला की मलाच बोलावणार. तेव्हा शिडीचं भाडं वेगळं पडेल."

मी तणतणलो, त्यांनी ऐकलं नाही, सन्स राहिले. पुढे मला मुली झाल्या. दर दिवाळीला अण्णा फराळाला आले की पाटीकडे बघून विचारायचे, "काय सावकार, दुरुस्ती करायची का?" आणि शिडीखाली स्टुलावर बसणाऱ्या त्यांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, हसू आवरत नसे.

अक्का कायम शिडीखाली असत. वरून नुसता हात खाली यायचा आणि त्यात हवा तो ब्रश पडायचा. फ्लेक्सच्या बोर्डांनी अण्णांचं काम खाल्लं, तरी मिळेल त्या कामावर दोघं जोडीनंच जात. मग अक्का विसरायला लागल्या. आधी गॅस, मग घराचा जिना, मग स्वतःचं नाव. अण्णा त्यांना घरी एकटं सोडत नसत. स्टूल, डबे, शिडी आणि अक्का, असं सगळं रिक्षात घालून नेत. नाव विसरलेल्या त्या बाईच्या हातून ब्रश मात्र चुकत नव्हता.

एका देवळाच्या कुंपणाच्या भिंतीवर ते अक्षरं काढत होते. ओळ पूर्ण झाली तसे अण्णा उतरले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, एक डोळा मिटला, अंगठा धरला. मध्ये एक लॉरी आली. लॉरी गेली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

त्या दिवसानंतर मी अण्णांना एक डोळा मिटताना पाहिलं नाही, एक शेवटची वेळ सोडली तर.

पोलिसांत तक्रार झाली. येलहंका जंक्शनवर, बसस्टँडवर, देवळांत अक्कांचा फोटो आणि अण्णांचा फोन नंबर असलेली पत्रकं चिकटवली. फोन येऊ लागले. "तुमच्या अक्का आमच्याकडे आहेत, आधी गाडीभाडं पाठवा." अण्णा दर वेळी पाठवायचे. मी ओरडलो, "चोर आहेत हे, कळत नाही तुम्हाला?"

"कळतंय. पण एखादा खरा असला तर?"

 

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहायची, व्हाइटफील्डला आयटीत होती. तिने उपाय काढला. म्हणाली, "अण्णा, एक वेबपेज करू. फोटो, माहिती सगळं त्यावर, आणि नंबर अगदी शेवटी. जो मनापासून पूर्ण वाचेल त्यालाच नंबर दिसेल. बाहेर फक्त पेजचा ॲड्रेस द्यायचा. कोडिंग यायची गरज नाही, फ्री एडिटर असतात. फोटो उचलायचा, हवा तिथे ठेवायचा."

तिने जुना लॅपटॉप आणून दोन एडिटर दाखवले. एक आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा. पेज बनवलं की त्याची फाइल आपल्याकडे, मग ती इंटरनेटवर चढवायची खटपट आपली. दुसरा थेट इंटरनेटवरच. इथे अक्षर टाकलं की तिथे जगाला दिसलं, पण पेज राहणार त्या कंपनीच्या घरात.

अण्णांनी दोन्हींवर बसून पाहिलं. त्यांची पद्धत वेगळी. एक ओळ टाइप करायची, खुर्ची सोडायची, खोलीच्या दारापर्यंत मागे जायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचं. पहिल्या एडिटरमध्ये लॅपटॉपवर नीट दिसणारी ओळ फोनवर तुटायची, अक्कांचा फोटो खाली घसरायचा. दुसऱ्यात जसं मांडलं तसंच फोनवर दिसायचं.

"हाच," अण्णा म्हणाले. "बघितलं तेच उमटलं पाहिजे. नाहीतर पेंटर कशाला म्हणायचं?"

मुलगी म्हणाली, "मी असते तर पहिला घेतला असता, अण्णा. स्वल्प त्रास आहे, पण पेज तुमचं राहतं. याची कॉपी काढून देत नाहीत, ते फक्त पेडवाल्यांना."

मी मध्ये पडलो. फुकट शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. विचारलं, "हा फुकट का देतोय? याचं पोट कशावर चालतं?" तिने पेजच्या तळाशी कंपनीच्या नावाची पट्टी दाखवली. आपलं पेज बघणारा प्रत्येक जण ती पट्टी बघणार, त्यांची जाहिरात होणार. हे मला पटलं. आमच्या भिंतीवर त्यांची पाटी, त्या बदल्यात आम्हाला भिंत. सरळ सौदा. वर मोठ्या अक्षरात लिहिलंही होतं, कायम मोफत. लेखी होतं.

मग अण्णा त्या पेजवर राहायलाच गेले म्हणा. रोज सकाळी आठवेल ते घालायचे. ती अक्का म्हटलं तर ओ देते, नावाने हाक मारू नका, घाबरते. चहा बशीत ओतून द्या, कपाने पीत नाही. पाठीमागून हात धरू नका. कन्नड बोललात तरी ती मराठीत उत्तर देईल, नुसतं सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणा, तिला पुरतं. हातात एखादी काडी किंवा पेन द्या, शांत बसते. मी त्या दोघांना अर्धं आयुष्य ओळखत होतो, पण अक्का कशा होत्या ते मला त्या पेजवर कळलं.

आणि मग अण्णांनी ते केलं जे फक्त पेंटरच करेल. कागदी पत्रकं पावसात गळून पडतात म्हणून त्यांनी पेजचा पत्ता ऑइल पेंटने भिंतींवर लिहिला. येलहंक्यापासून होसूर रोडपर्यंत, दुकानदारांच्या परवानगीने, शटरांवर, कुंपणांवर, माझ्या गोदामाच्या भिंतीवर. वर कन्नडमध्ये 'या अक्कांना पाहिलंत का', खाली तो पत्ता. शिडी मी धरायचो. ब्रश चुकीचा दिला की वरून आवाज यायचा, "सावकार, तुम्ही मशिनीच विका."

त्यांचा ऑइल पेंट उन्हापावसात टिकला. कंपनी टिकली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, फुकटची पेजं पुसली, आणि जुन्या पत्त्यांवर येणारा माणूस सरळ पैसे लावून खेळायच्या एका खेळात जाऊन पडेल अशी सोय केली. कंपनी म्हणते, ईमेलवर कळवलं होतं. कुठल्या ईमेलवर? पेज उघडताना मुलीने एक ईमेल बनवून दिला होता, तो अण्णांनी पुन्हा कधी उघडला नव्हता. भिंतीवर लिहिणाऱ्या माणसाला पत्र येतं ते दारात येतं, एवढंच माहीत. मुलीची तोवर पुण्याला बदली झालेली.

मी त्यांच्या मदतीच्या खिडकीत लिहिलं. उत्तर आलं, आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी शिवी लिहिली. पुन्हा तेच उत्तर आलं. सगळं आयुष्य मी माणसांशी भांडून भाव काढला, आणि इथे भांडायला समोर माणूसच नव्हता.

अण्णा ओरडले नाहीत. बायकोच्या नावाखाली जुगार उघडतोय, एवढंच त्यांना लागलं. म्हणाले, "आधी सगळीकडे पुसून घेतो. मग नवीन लिहू."

मी म्हटलं, "पुसता कशाला? शेजारी फोन नंबर लिहा, आजच."

"जुन्यावर नवं लिहिलं की दोन्ही वाचता येत नाही. आधी पांढरा हात, तो वाळला की अक्षर. आमची रीत आहे ती."

पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन ते भिंतीमागून भिंत पांढरी करत सुटले. शहरात जागोजागी अण्णांचे पांढरे चौकोन दिसू लागले. तुम्हीही पाहिले असतील, कुणीतरी काहीतरी लिहायचं राहून गेल्यासारखे. माझं गोदाम सगळ्यात लांब, म्हणून शेवटी ठेवलं होतं. तिथपर्यंत पोचायच्या आत अण्णांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्याच सुमारास माझ्या गोदामासमोर चहाची गाडी लावणारी बाई मला म्हणाली, "सावकार, ही भिंतीवरची अक्का सापडली का हो? मागे, सकाळी तुमचं गोदाम उघडायच्या आधी, माझ्याकडे एक म्हातारी येऊन बसायची. मराठी बोलायची. माझ्या पोरीने त्या पत्त्यावर फोनमध्ये बघितलं, तर जुगार निघाला. म्हटलं फसवाफसवी असेल, नाद सोडला. एक दिवस म्हातारी आलीच नाही. होसूरच्या बसमध्ये बसताना कुणी बघितलं म्हणतात."

मी तिला एकच विचारलं, "चहा कशी प्यायची?"

"बशीत. कप दिला की बाजूला सरकवायची."

मी होसूरपर्यंत जाऊन आलो, पोलिसांना सांगितलं, माझे ड्रायव्हर कामाला लावले. काही मिळालं नाही. मग दवाखान्यात जाऊन अण्णांना सांगितलं. सांगावं की नको, हे मला ठरवता येत नव्हतं, पण त्या माणसाशी खोटा व्यवहार करायचा नव्हता.

 अण्णा म्हणाले, "बशी दिली तिने?"

"दिली. न सांगता दिली."

"सरी," ते म्हणाले. आणि उशीवर मान थोडी मागे नेऊन, एक डोळा मिटून, समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले.  त्याच आठवड्यात गेले.

गोदामाच्या भिंतीवर त्यांच्या हातचा तो पत्ता अजून आहे. खाली मी एका पोराकडून माझा नंबर लिहून घेतलाय, अक्षर वाकडं आहे. अक्का अजून कुठेतरी असतील, तर कुणीतरी फोन करेल.

आणि ज्यांनी 'कायम मोफत' असं लिहिलं, ज्यांनी ते विकलं, ज्यांनी ते विकत घेऊन त्यावर जुगार बसवला, त्यांच्यापैकी एकाने तरी बोम्मसंद्र्याला यावं. ईमेल नको, मदतीची खिडकी नको. माणूस हवा. त्याने माझ्या भिंतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं, लांबून ती अक्षरं बघावीत, आणि मग बोलावं. चहावाली समोरच असते. तिच्या देखत सांगावं, ती म्हातारी बशीतला चहा पीत बसली होती तेव्हा तुम्ही तिचं पेज कुठे नेलं होतं?