कॉलिनच्या खिडकीतली बंदूक

मंडळी, आज सकाळी समोरच्या टेकडीवरच्या कॉलिनकडे चहाला गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक ज्या वापरून नेमबाजी शिकले, त्या छोट्या बंदुका जमवणं हा या म्हाताऱ्याचा छंद. एक खिडकीपाशी मांडलेली होती, तिच्यावर दुर्बीण.

"बघ, काच अजून किती स्वच्छ आहे!"

मी डोळा लावला. बंदूक जराही फिरवावी लागली नाही. समोर आमचंच अंगण आणि तुळशीची कुंडी.

"तुझी बायको रोज तीन फेऱ्या घालते," तो हसून म्हणाला. "शेवटी डोळे मिटून उभी राहते. अगदी स्थिर."

घरी येऊन कुंडी आत घेतली. "थंडीनं मरेल," म्हणालो.

"अहो, भर उन्हाळ्यात?" बायको हसली.

देवावर माझा भरवसा आहे. पण तिला खरं सांगू का? उद्या सकाळी कुंडी पुन्हा बाहेर नेणार आहे ती.