उत्तरेकडचा ठिपका

एर्मिलाच्या हातचा निवडुंग मरत नाही, असं केरेतारो शहरातून येणारी गिऱ्हाइकं सांगतात. मिरच्यांच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडायची, खडी आणि वाळू भरायची, मोहरीहून बारीक बी पेरायचं आणि मग वाट बघायची. मुठीएवढं रोप व्हायला वर्षं जातात. वाट बघणं तिला जमतं. तिचा नवरा साबिनो वाळवंट ओलांडून उत्तरेला, अमेरिकेत कामाला जातो म्हणून गेला, तो परत आला नाही. पोचल्याचाही निरोप आला नाही.

जाण्याआधी त्याने दरडीखाली सापडलेला एक लहानसा निवडुंग तिला आणून दिला होता. आमच्याकडे रोप काढताना त्याच्या उत्तरेकडच्या अंगाला चुन्याचा ठिपका देतात आणि लावतानाही तो उत्तरेलाच ठेवतात. सावलीतलं अंग एकाएकी उन्हात आलं तर भाजतं. साबिनो हसून म्हणाला होता, "ठिपका तिकडेच राहू दे. मीही तिकडेच असणार."

चुना पुसट झाला की ती नवा लावायची. त्या रोपाचा डबा अंगणाच्या टोकाला, बुटक्या भिंतीवर. घर त्याच्या दक्षिणेला.

मृतांचा सण जवळ आला की तिची सासू कास्तुला दरवर्षी एकच विषय काढायची. मी शेजारीण, सगळं ऐकू यायचं.

"यंदा तरी त्याचा फोटो वेदीवर ठेव गं. सगळ्यांची माणसं येऊन जेवून जातात. माझा पोरगा दाराबाहेर उपाशी."

"वेदीवर मेलेल्यांचे फोटो ठेवतात, आई. ते जिवंत आहेत."

"मग निरोप धाडायला जीभ झडली का त्याची?"

एर्मिला उठून अंगणात डब्यांकडे जायची.

गेल्या सणाच्या आधी एका सकाळी ठिपका घराकडे वळलेला दिसला. तिने डबा फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने कोंबड्या कोंडल्या. मग सासूला विचारलं.

"मला भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाववत नाही," कास्तुला म्हणाली, "तुझे काटे कुरवाळायला कशी जाऊ?"

सणाच्या आदल्या दुपारी एर्मिलाने मला बोलावलं. "नुसती बस माझ्याजवळ." डब्याभोवती तिने चुलीतली राख पसरली होती. दारात बसून आम्ही मक्याची कणसं सोलायला घेतली. आत कास्तुला घोरत होती. वारा अजिबात नव्हता. सांडलेले दाणे वेचायला आम्ही खाली वाकलो आणि मान वर केली, तर ठिपका आमच्याकडे बघत होता.

"दिसलं?" ती पुटपुटली.

मी छातीवर क्रूसाची खूण केली, देवमातेचं नाव घेतलं. राखेत मुंगीचीसुद्धा वाट उमटली नव्हती.

डबा फिरवायला तिने हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. ठिपक्याशेजारी तपकिरी डाग पडला होता.

"भाजलात ना," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. "किती ऊन ते."

"फिरवत नाहीस?"

"नको. आलेत तर घर बघू देत."

त्या संध्याकाळी तिने वाट दाखवायला भिंतीपासून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या अंथरल्या, साबिनोला आवडायची तशी तिखट कोंबडी केली आणि त्याचा फोटो वेदीवर ठेवला. कास्तुला फोटोसमोर बसली आणि तिने कोंबडीच्या रश्श्यात बोट बुडवून चाखलं. मग म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

"त्यांना असंच लागतं, आई," एर्मिला म्हणाली आणि मक्याच्या पिठाच्या हातानेच डोळे पुसले. गालावर पांढरे ओघळ राहिले.

थंडी सरली तेव्हा त्या निवडुंगाला फुलं आली. दरवर्षी गुलाबी फुलं उन्हाच्या अंगाला यायची, ठिपक्याकडची बाजू रिकामी राहायची. यंदा ती ठिपक्याभोवती आणि भाजल्या डागाच्या कडेने आली. चुना विरत चाललाय. एर्मिला नवा लावत नाही.

डबा पुन्हा हलला नाही. तरी तिच्या अंगणात गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही.